अंधारातील पारख

रात्रीच्या प्रहरी गडाच्या दरवाजावर उभा असलेला पहारेकरी दोन कामे करीत असे. खालच्या वाटेवर काही हालले, हे त्याने प्रथम टिपावयाचे. आणि जे हालले ते रसद घेऊन येणारे आपले माणूस आहे, वाट चुकलेले गुरू आहे की शत्रूचा हेर आहे, याचा निवाडा त्याने लगोलग करावयाचा. पहिल्या कामाला तीक्ष्ण कान आणि जागा डोळा पुरे होत. दुसऱ्या कामात मात्र ज्याची गफलत होई त्याच्या हातून एक तर गड जाई, नाही तर स्वकीयांचा वध होई, आणि म्हणूनच परवलीच्या शब्दाची तजवीज निरनिराळ्या मुलखांतील फौजांनी फार जुन्या काळापासून केलेली आढळते. विसाव्या शतकात रेडिओ-तरंगांच्या साह्याने शंभर मैलांवरचे विमान हेरणारे रडार जेव्हा निर्माण झाले, तेव्हा पहिले काम मानवी इंद्रियांच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे गेले. दुसरे काम, म्हणजे हेरलेल्या वस्तूची ओळख पटविण्याचे काम, मात्र होते तेथेच राहिले, किंबहुना अधिकच बिकट झाले, कारण पडद्यावर उमटणारी खूण मित्राची आणि शत्रूची सारखीच दिसते. अभियंत्यांपुढे हा प्रश्न १९३५ नंतर उभा राहिला. जीवसृष्टीत तो सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच उभा राहिलेला होता, आणि निसर्गाने त्याची जी उत्तरे सिद्ध केली होती ती हुडकण्याचा उद्योग दीडशे वर्षे एका निराळ्याच दालनात चालला होता. ही दोन दालने एकमेकांना कशी येऊन मिळाली, ती कैफियत येथे मांडावयाची आहे.

तिचा आरंभ इटलीतील पाव्हिया या विद्यापीठाच्या गावी होतो. लाझारो स्पालान्झानी हा तेथील प्राध्यापक धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला होता आणि निसर्गाच्या कोणत्याही दाव्याची शहानिशा स्वतःच्या हाताने केल्यावाचून त्याला चैन पडत नसे. १७९३ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. खोलीतील मेणबत्ती विझली की पाळीव घुबड भिंतींवर आदळू लागे. परंतु त्याच काळोखात वटवाघूळ मात्र छतापासून टांगलेल्या दोऱ्यांमधून निर्वेधपणे उडत राही. आपल्याकडे वडापिंपळावर उलटी लटकणारी आणि फळांवर जगणारी जी मोठी वटवाघुळे दिसतात ती वाट शोधताना डोळ्यांवर विसंबतात. त्यांच्याविषयी हे विवेचन नाही. देवळांच्या गाभाऱ्यांत, लेण्यांत आणि ओसाड भुयारांत राहणारी, तिन्हीसांजेला किडे टिपीत फिरणारी जी लहान वटवाघुळे, त्यांच्याच जातीचे प्राणी स्पालान्झानीने तपासले. त्याने काही वटवाघुळांचे डोळे नष्ट केले, आणि ती आंधळी वटवाघुळे पूर्वीइतक्याच कौशल्याने उडाली. आजच्या वाचकाला हे प्रयोग क्रूर वाटतील आणि ते तसे होतेही. पण ज्या सत्याकडे त्यांनी बोट दाखविले ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्या काळी हाती लागले नसते, हेही मान्य करावे लागते. पाव्हियाच्या मुख्य चर्चच्या घंटाघरात राहणारी वटवाघुळे त्याने पकडविली, आंधळी करून सोडून दिली आणि काही दिवसांनी पहाटे, ती शिकारीहून परतल्यावर, पुन्हा पकडून त्यांची पोटे तपासली. डोळस वटवाघुळांच्या पोटात जितके किडे होते तितकेच आंधळ्यांच्याही पोटात होते. म्हणजे हा प्राणी डोळ्यांवाचून केवळ भिंत चुकवितो एवढेच नव्हे, तर हवेतील इवलेसे भक्ष्यही नेमके हुडकतो, हे त्या एका प्रयोगाने कायमचे सिद्ध झाले.

यानंतर जिनिव्हाचा शस्त्रवैद्य लुई ज्युरीन याने १७९४ साली वटवाघुळांचे कान बंद करून पाहिले, आणि ती गोंधळून अडथळ्यांवर आदळू लागली. स्पालान्झानीला प्रथम हे पटले नाही. परंतु मतापेक्षा प्रयोगाला मान देणारा तो पुरुष असल्यामुळे त्याने पितळेच्या अतिसूक्ष्म नळ्या घडवून घेतल्या आणि त्या वटवाघुळांच्या कानांत बसविल्या. नळ्या मोकळ्या असताना वटवाघूळ उडे. त्याच नळ्या बुजविल्या की ते धडपडे. नळी कानाला टोचते म्हणून प्राणी बावरतो, या संभाव्य आक्षेपाला याहून स्वच्छ उत्तर देता येणार नाही. प्रयोगाची अशी निर्दोष रचना मला आजच्याही पुष्कळ संशोधनात दिसत नाही. तरीदेखील कान बंद केल्याने वाट का चुकावी, हे कोणालाच सांगता येईना, कारण उडणाऱ्या वटवाघळाचा आवाजच कोणाला ऐकू येत नव्हता. स्पालान्झानी १७९९ साली वारला. पॅरिसच्या जॉर्ज क्यूव्हियेने, ज्याचा शब्द त्या काळी प्राणिशास्त्रात प्रमाण मानला जाई, स्वतः एकही प्रयोग न करता असा निकाल दिला की वटवाघळाच्या पंखांत स्पर्शाची असामान्य संवेदना असते आणि तिच्यायोगे ते अडथळे ओळखते. अधिकारवाणीपुढे प्रयोगाला नमावे लागले, आणि पाव्हियाची ती पितळी नळ्यांची कहाणी शंभरांहून अधिक वर्षे विस्मृतीत गेली.

तिला उजाळा मिळाला तो समुद्रावरील एका दुर्घटनेने. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक हिमनगावर आदळून बुडाली, आणि अंधारात पुढे काय आहे हे जहाजाला कसे कळावे, या प्रश्नाने युरोप-अमेरिकेतील शोधकांना पछाडले. यंत्रबंदुकीचा जनक हायरम मॅक्झिम याने वटवाघळाचा दाखला देऊनच एक योजना मांडली. पण वटवाघूळ पंखांच्या फडफडीने उठणाऱ्या अतिमंद कंपनांचा प्रतिध्वनी टिपते, असा त्याचा समज होता. त्याची दिशा बरोबर होती, फक्त कंपनांची पट्टी नेमकी उलट्या टोकाची निवडली गेली होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लुईस फ्राय रिचर्डसनने प्रतिध्वनीने हिमनग शोधण्याच्या युक्तीचे एकस्व मागितले. पहिल्या महायुद्धात पॉल लान्जव्हाँ या फ्रेंच पदार्थविज्ञाने गारगोटीच्या स्फटिकाला विद्युत्प्रवाहाने कंप देऊन पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडण्याची विद्या सिद्ध केली. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने असलेला हा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. केंब्रिजचा हॅमिल्टन हार्टरिज याने १९२० साली, बहुधा याच विद्येच्या वार्तेवरून सुचून, असा तर्क लिहिला की वटवाघूळही असाच न ऐकू येणारा आवाज करीत असावे. अभियंत्याच्या कल्पनेचे बीज प्राणिशास्त्राच्या शेतात पडल्याचा हा पहिला प्रसंग. तर्काची परीक्षा पाहण्याचे यंत्र मात्र अजून घडावयाचे होते.

ते यंत्र हार्वर्ड विद्यापीठातील जॉर्ज पिअर्स या पदार्थविज्ञाच्या प्रयोगशाळेत होते; पिअर्स त्याने किड्यांचे श्राव्यातीत स्वर ऐकत असे. डोनाल्ड ग्रिफिन नावाचा एक विद्यार्थी १९३८ साली पिंजराभर वटवाघुळे घेऊन त्याच्याकडे गेला, आणि आजवर मुकी समजली गेलेली ती वटवाघुळे यंत्राच्या कर्ण्यातून अखंड कलकलाट करीत असल्याचे दोघांनी ऐकले. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गालांबोस यांनी टांगलेल्या तारांच्या खोलीत पद्धतशीर प्रयोग करून १९४१ पर्यंत सिद्ध केले की वटवाघूळ तोंडाने श्राव्यातीत आवाज सोडते, त्याचा प्रतिध्वनी कानाने टिपते आणि त्यावरून वस्तूचे अंतर व दिशा जाणते. गालांबोसने हा निष्कर्ष एका शास्त्रीय सभेत मांडला तेव्हा एका नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याला खांद्यांना धरून गदागदा हलविले, असे ग्रिफिनने पुढे नमूद करून ठेवले आहे. त्या विद्वानाचा संताप अनाकलनीय नाही. प्रतिध्वनीने लक्ष्य हेरणारी यंत्रे त्या वेळी लष्करी दप्तरांत मोहोरबंद होती, आणि मानवी बुद्धीचा अगदी ताजा व अतिगुप्त विक्रम एका क्षुद्र प्राण्याने कोट्यवधी वर्षांपूर्वीच साधला आहे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला विपरीत वाटणे स्वाभाविक होते.

त्या मोहोरबंद दप्तरात काय होते ते आता पाहू. १९३५ च्या फेब्रुवारीत रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्याचा साहाय्यक अर्नोल्ड विल्किन्स यांनी ब्रिटिश सरकारला दाखवून दिले की रेडिओ-तरंग विमानावरून परतून येतात व टिपता येतात. त्या महिन्याच्या २६ तारखेला डॅव्हेंट्रीजवळ, बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या तरंगांत एक हेफोर्ड बाँबर विमान उडवून हा प्रयोग झाला. पुढच्या वर्षी सफोकच्या किनाऱ्यावरील बॉडसी मॅनर या वाड्यात संशोधनाचा तळ पडला, आणि १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर उंच मनोऱ्यांची साखळी उभी होती. समुद्रापलीकडून येणारे विमान ही साखळी हेरू शकत असे. ते विमान कोणाचे, हे मात्र ती सांगू शकत नसे.

युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी, या उणिवेची किंमत मोजावी लागली. शत्रूची विमाने आल्याचा खोटा इशारा कोठून तरी निघाला. त्याची शहानिशा करण्यास जी हरिकेन विमाने उडविली गेली तीच रडारच्या नकाशावर शत्रू म्हणून नोंदली गेली, कारण पाठीमागून आलेला प्रतिध्वनी आणि समोरून आलेला प्रतिध्वनी यांत भेद करणे त्या केंद्रांना फार अवघड जाई. नव्या खुणा उमटल्या तशा त्यांच्या बंदोबस्तासाठी आणखी तुकड्या उडाल्या, त्यांच्याही खुणा शत्रूच्या हिशेबात जमा झाल्या, आणि अखेर स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेनांवर गोळ्या झाडून ती पाडली. एक तरुण वैमानिक ठार झाला. त्या युद्धात कामी आलेला ब्रिटनच्या लढाऊ विमानांचा तो पहिला वैमानिक. स्पिटफायर या पुढे जगविख्यात झालेल्या विमानाने पाडलेले पहिले विमान स्वपक्षाचे असावे, ही घटना इतिहासात ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या नावाने उरली आहे, आणि त्या लढाईत शत्रूचे एकही विमान नव्हते.

या अनर्थाने परवलीच्या शब्दाची निकड पटविली. रडारचा तरंग अंगावर येताच आपण होऊन अधिक ठळक, ठरावीक लयीत स्पंद पावणारे उत्तर धाडणारा संच आता ब्रिटिश विमानांत बसविला जाऊ लागला. ज्याच्या खुणेत ही लय असेल तो मित्र, नसेल तो संशयित. व्यवस्था उत्तम होती, पण परवल जितकी मोठ्याने उच्चारावी तितकी ती परक्याच्याही कानी पडते. हा संच चालू ठेवला की जर्मनांचे शोधदीप भरकटतात, असा समज ब्रिटिश बाँबर विमानांतील वैमानिकांत पसरला आणि ते शत्रूच्या मुलखावरही संच चालूच ठेवू लागले. जर्मनांनी ती उत्तरे हेरून त्या विमानांचा माग काढला. ओळख पटविण्याचे साधनच अशा रीतीने घात करणारे ठरले.

चुकीची दुसरी जात पर्ल हार्बरला प्रकट झाली. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना येथील रडारवर लॉकार्ड आणि एलियट हे दोन साधे शिपाई होते. त्यांची पाळी सात वाजता संपली होती, पण सरावासाठी त्यांनी यंत्र चालू ठेवले, आणि सात वाजून दोन मिनिटांनी १३० मैलांहून अधिक अंतरावर, पूर्वी कधी पाहिली नव्हती एवढी मोठी खूण त्यांना दिसली. त्यांनी ती तत्काळ कळविली. खबर घेणारा लेफ्टनंट कर्मिट टायलर या कामात अगदी नवखा होता. कॅलिफोर्नियाहून त्या सकाळी आपली काही बाँबर विमाने येणार आहेत हे त्याला ठाऊक होते, आणि खूण त्यांचीच समजून त्याने काळजी न करण्यास सांगितले. तासाभराच्या आत जपानी बाँब पडू लागले. टायलरला दोष देणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. मला मात्र तो दोष अन्याय्य वाटतो. यंत्राने आपले काम चोख बजावले, शिपायांनी आपले काम चोख बजावले, आणि ज्या ठिकाणी अस्तित्वाच्या नोंदीचे ओळखीत रूपांतर व्हावयाचे त्या ठिकाणी काहीही साधन न देता एका अननुभवी माणसाला एकट्याला बसविले गेले, ही सारी चूक व्यवस्थेची होती.

दीर्घकाळ पडद्याकडे पाहत बसणारा माणूस स्वतःच या यंत्रणेचा एक भाग आहे, हे युद्धकाळातच ब्रिटिश हवाईदलाच्या ध्यानात आले. समुद्रावर गस्त घालताना रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुडीची अस्पष्ट खूण शोधणारे कर्मचारी काही वेळाने ती समोर असूनही चुकवितात, अशी तक्रार होती. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थने यासाठी एक घड्याळ योजिले, ज्याचा काटा एकेक टप्पा पुढे सरके आणि क्वचित, अनपेक्षित क्षणी, दोन टप्पे उडी घेई. ती उडी दिसली की पाहणाऱ्याने कळ दाबावयाची. दोन तासांच्या या परीक्षेत पहिल्या अर्ध्या तासानंतरच अवधान लक्षणीय रीतीने ढळते, असे त्याने दाखविले आणि १९४८ साली ते प्रसिद्ध केले. अभियंत्यांनी बांधलेल्या यंत्राच्या उणिवेचे उत्तर अशा प्रकारे मानसशास्त्राने शोधले.

जे फसविणारे, त्यांचाही उद्योग याच काळात भरास आला. ज्या तरंगावर शत्रूचे रडार चालते त्याच्या निम्म्या लांबीची धातूची पट्टी हवेत सोडली, तर ती त्या तरंगाला असाधारण जोराने परतविते. अशा हजारो पट्ट्या म्हणजे पडद्यावर हजारो विमाने. इंग्लंडमध्ये जोन करन या विदुषीने १९४२ साली या पट्ट्यांचे प्रयोग केले, जर्मनांनीही स्वतंत्रपणे तेच शोधून काढले, आणि शत्रूला युक्ती कळू नये म्हणून दोन्ही पक्षांनी ती दडवून ठेवली. अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटनने ती हँबर्गवर वापरली: निघालेल्या ७९१ विमानांपैकी केवळ १२ परतली नाहीत, कारण जर्मन रडारचे पडदे खोट्या खुणांनी भरून गेले होते. त्या आठवड्यात हँबर्गमध्ये जो अग्निप्रलय झाला त्यात तीस हजारांहून अधिक नागरिक होरपळून व गुदमरून मेले. धातूच्या पट्टीची ही कहाणी सांगताना तो आकडा वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जर्मन अभियंत्यांनी काढलेला तोड मात्र शास्त्रदृष्ट्या अतिशय मनोज्ञ आहे. हवेत तरंगणारी पट्टी वाऱ्याच्या वेगाने सरकते, विमान त्याच्या कित्येक पट वेगाने जाते. तेव्हा परतलेल्या तरंगाच्या कंपनसंख्येत डॉप्लरच्या नियमानुसार पडणारा फरक मोजला तर खरे लक्ष्य आणि भूलथाप यांची निवड करता येईल, या विचाराने त्यांनी एक जोडयंत्र तयार केले. आणखी एका जोडयंत्रात रडारवरील माणसाने कानाला श्रवणयंत्र लावावयाचे असे: विमानाच्या फिरत्या पंख्यामुळे प्रतिध्वनीत एक नियमित थरथर मिसळते, निर्जीव पट्टीच्या प्रतिध्वनीत ती नसते, आणि सरावलेला कान ती थरथर ओळखू शकतो. अंधारात फडफडीवरून भक्ष्य ओळखणारा हा कान माणसाने १९४३ साली कमावला.

तो निसर्गाने कधीच कमावलेला होता, हे उलगडण्यास आणखी पाव शतक लागले. आपल्या सह्याद्रीतील गुहांतूनही ज्यांचे भाईबंद आढळतात ती नालनाक्या जातीची वटवाघुळे इतरांसारखी क्षणिक, उतरत्या स्वराची किंकाळी न सोडता बराच काळ एकाच उंचीचा स्वर लावून धरतात; युरोपातील मोठ्या नालनाक्या वटवाघळाचा स्वर सेकंदाला सुमारे ८३ हजार कंपनांचा असतो. हान्स-उलरिक श्निट्झलर याने १९६८ साली दाखविले की उडताना स्वतःच्या वेगामुळे प्रतिध्वनी जितका चढेल तितका आपला मूळ स्वर हा प्राणी आधीच उतरवून घेतो, जेणेकरून परतणारा ध्वनी कानाच्या अतिसंवेदनशील अशा अरुंद पट्टीतच येऊन पडावा. स्थिर पानांचा, फांद्यांचा, भिंतींचा प्रतिध्वनी अशा रीतीने एका सपाट पार्श्वभूमीत विरून जातो, आणि त्या पार्श्वभूमीवर पंख हालविणाऱ्या कीटकाचा प्रतिध्वनी लकाकत राहतो. पंखांच्या फडफडीच्या ठेवणीवरून एका जातीचा कीटक दुसऱ्या जातीच्या कीटकापासून वेगळा ओळखण्यास ही वटवाघुळे शिकतात, हेही पुढील प्रयोगांत दिसून आले. भारतातील मोठी रक्तपिपा म्हणविली जाणारी, परंतु वस्तुतः रक्त न पिणारी मेगाडर्मा जातीची वटवाघुळे तर पुष्कळदा आपला आवाज बंद ठेवून जमिनीवरील बेडकाच्या वा उंदराच्या हालचालीची सळसळ नुसती ऐकतात आणि तेवढ्यावर झडप घालतात; गेरहार्ड नॉयवाइलर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी मदुराई परिसरात आपल्या देशातील वटवाघुळांचा जो दीर्घ अभ्यास केला, तो या विषयातील एक आधारभूत ठेवा आहे.

शिकार करणाऱ्याला जे साधले त्याला तोड शिकारीनेही काढला. टफ्ट्स विद्यापीठाचा केनेथ रोडर आणि न्यूयॉर्कचा ॲशर ट्रीट यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पतंगाच्या कानाची रचना उलगडली. त्या कानात ध्वनी टिपणाऱ्या पेशी किती? प्रत्येक कानात फक्त दोन. त्यांतील एक मंद आवाजाने जागी होते, दुसरी केवळ तीव्र आवाजाने. आणि एवढ्या दरिद्री सामग्रीवर पतंग दोन निरनिराळे निर्णय घेतो. वटवाघूळ दूर असेल तर तो पाठ फिरवून दूर उडून जातो. जवळ आलेले असेल तर अवचित गिरक्या घेत जमिनीकडे कोसळतो. रोडरने कित्येक रात्री दिव्याच्या प्रकाशात हा झगडा छायाचित्रांत टिपला. व्याघ्र-पतंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातील काही पतंग याच्याही पुढे गेले: वटवाघळाची हाक ऐकताच ते स्वतः श्राव्यातीत टकटक सुरू करतात. डोरोथी डनिंग आणि रोडर यांनी १९६५ साली दाखविले की ही टकटक ऐकून वटवाघूळ पुष्कळदा झडप अर्धवट सोडते. यांतील कित्येक पतंग चवीला कडू असतात, तेव्हा त्यांची टकटक ही एक परवल आहे. मात्र खाण्याजोगे असूनही तीच टकटक करणारे तोतये त्यांच्यात निघाले, आणि एका अमेरिकी जातीच्या पतंगाची टकटक तर वटवाघळाच्या प्रतिध्वनीतच बिघाड करते, असे २००९ साली सिद्ध झाले. परवल, तोतया आणि गोंगाट, ही तिन्ही शस्त्रे मानवी फौजांनी युद्धाच्या सहा वर्षांत घडविली. पतंगांनी ती नैसर्गिक निवडीच्या मंद गतीने घडविली होती.

या दोन विद्या प्रत्यक्ष एकत्र आल्या त्या एका अनपेक्षित वाटेने. युद्धकाळात ब्रिटिश रडारवर अशा खुणा उमटत की जेथे दुर्बिणीतून पाहता काहीच विमान दिसत नसे. कर्मचाऱ्यांनी त्यांना ‘देवदूत’ असे नाव दिले होते. लष्कराच्या रडार-संशोधनात तैनात झालेल्या डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी १९४१ पासून ताडून पाहिले की यांतील पुष्कळ खुणा पक्ष्यांच्या आहेत. लॅक हा गालापागोस बेटांवरील चिमण्यांचा अभ्यास करून नुकताच परतलेला पक्षिविद होता, आणि अभियंत्यांना जी अडगळ वाटे ती त्याच्या दृष्टीने अमोल सामग्री होती: रात्री, ढगांच्या वर, माणसाच्या नजरेआड चाललेले पक्ष्यांचे स्थलांतर प्रथमच दिसू लागले होते. युद्ध संपल्यावर १९४५ साली त्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यानंतर पहाटे पडद्यावर पाण्यातील लहरींप्रमाणे पसरत जाणाऱ्या वर्तुळांचे गूढ उकलले: ती निवाऱ्याच्या झाडांवरून थव्याथव्याने उठणाऱ्या मैनांच्या कुळातील पक्ष्यांची वर्तुळे होती. मार्कोनी कंपनीतील एरिक ईस्टवूड या अभियंत्याने या विषयाचा इतका व्यासंग केला की १९६७ साली त्याने पक्षी आणि रडार यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पावसाच्या खुणांचेही असेच झाले. शत्रूला झाकणारी म्हणून ज्यांचा तिटकारा केला जाई त्याच खुणांतून हवामानशास्त्राचे रडार जन्मास आले, आणि आज कोकणात घोंघावत येणाऱ्या वादळाचा इशारा त्याच्याही भरवशावर दिला जातो. लक्ष्य कोणते आणि अडगळ कोणती हे वस्तूच्या ठायी ठरलेले नसते, पाहणाऱ्याच्या प्रयोजनावर ते अवलंबून असते, हा धडा ज्या स्पष्टतेने या प्रकरणात मिळतो तितका मला दुसरीकडे कोठे मिळालेला नाही.

या साऱ्या अनुभवाला गणिताचे रूप मिळाले ते युद्धोत्तर अमेरिकेत. मिशिगन विद्यापीठात पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी १९५४ साली खुणा हेरण्याचा सिद्धान्त मांडला, आणि त्याच विद्यापीठातील टॅनर व स्वेट्स यांनी त्याच वर्षी तो मानवी डोळ्याला लावून दाखविला. सिद्धान्ताचे मर्म असे: गोंगाटात दडलेली खूण ओळखू पाहणाऱ्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका संभवतात, नसलेले लक्ष्य आहे म्हणणे आणि असलेले लक्ष्य नाही म्हणणे, त्याने आपली कसोटी कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते, सैल केली की उलटे होते, आणि यंत्राची किंवा इंद्रियाची मूळ तीक्ष्णता वाढविल्यावाचून दोन्ही एकदम घटविण्याचा इलाज नाही. बार्किंग क्रीक ही पहिल्या चुकीची रक्तरंजित नोंद आहे आणि ओपाना ही दुसरीची. कसोटीच्या प्रत्येक पायरीवर या दोन चुकांचे प्रमाण किती, हे दाखविणारा जो वक्र काढतात त्याला रडारच्या ग्राहक-यंत्रावरून ‘रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरॅक्टरिस्टिक’ असे नाव पडले.

ली लस्टेड या क्ष-किरणवैद्याने हाच वक्र रोगनिदानात आणला, आणि गेल्या काही दशकांत तो वैद्यकाच्या दप्तरी असा रुळला की स्तनाच्या कर्करोगासाठी काढलेल्या छायाचित्रातील गाठ ओळखणारा वैद्य असो, रक्तातील एखाद्या द्रव्यावरून हृदयविकाराचा अंदाज बांधणारी चाचणी असो, की छातीच्या चित्रातून क्षय हुडकणारा संगणक असो, प्रत्येकाची परीक्षा त्या एका वक्रावर होते. निरोगी माणसाला रोगी ठरविले तर त्याच्या वाट्याला नाहक शस्त्रक्रिया आणि झोप उडविणारी भीती येते. रोग्याला निरोगी ठरविले तर त्याच्या हातून उपचाराची वेळ निघून जाते. या दोहोंतील कोणती चूक किती पत्करावी हे गणित ठरवीत नाही, ते रोगाच्या स्वरूपावर आणि समाजाच्या विवेकावर सोपविलेले आहे. तेव्हा एखादी चाचणी वा यंत्र शंभरात इतके अचूक आहे असा एकच आकडा ज्या वेळी आपल्यापुढे ठेवला जाईल, त्या वेळी वाचकाने तेवढ्यावर समाधान मानू नये. खरी लक्ष्ये किती चुकली आणि निर्दोष किती जण लक्ष्य म्हणून धरले गेले, हे दोन्ही आकडे त्याने निःसंकोचपणे मागावेत आणि मिळेपर्यंत मागत राहावेत.